वितळायला ठेवलेली तार

फ्यूजची तार वितळायलाच ठेवलेली असते, हे चिमाजी तांबटाला कळलं तेव्हा त्याच्या तोंडात भजं होतं. ते त्याने गिळलं की थुंकलं, हे त्याला पुढे कधीच आठवलं नाही. एवढंच आठवायचं, की भजं गरम होतं आणि तो स्वतः गार पडला होता.

सन छत्तीसचा चैत्र. भद्रकालीत बायस्कोपच्या थिएटरासमोर एका हॉटेलाच्या बाकावर चिमाजी आणि निजाम वायरमन चहा पीत बसले होते. निजाम म्हणजे शहरात वीज आल्यापासून अर्ध्या नाशकाच्या भिंतींना भोकं पाडलेला माणूस. विजेशी संसार मांडल्यामुळे त्याचे केस कितीही तेल चोपडलं तरी उभेच राहत, आणि त्याच्या खांद्यावर बसलेली माशी तिथेच चिकटून राही असं म्हणत. चिमाजीही बढाईत कमी नव्हता. तांबट आळीत आपण घागरीवर शेवटचा ठोका मारला, की नदीपलीकडे पंचवटीतले पुजारी घंटा झाली समजून आरती सुरू करतात, असं तो सांगे. आणि त्याला खोटं पाडायला नदी ओलांडून कोण जाणार?

"निजाममियाँ, एक सांगा," चिमाजी सहज विचारल्यासारखं म्हणाला. "ही फ्यूजची तार इतकी हलकी का बनवतात? आमच्या एका ओळखीच्याकडे सारखी वितळायची."

"वितळायची? मग काय केलं त्याने?"

"काय करणार? चांगली जाड तांब्याची ओढली आणि बसवली. आता वितळून दाखव म्हणावं."

निजामने बशी खाली ठेवली. "तांबटबुवा, समजा दारात कुत्रं बांधलंय. ते सारखं भुंकतंय. तुमच्या ओळखीच्याने उठून बघितलं नाही की ते कशावर भुंकतंय. त्याने कुत्र्याचं तोंड शिवलं आणि झोपला."

"म्हणजे?"

"म्हणजे तार वितळते तेव्हा कुठेतरी वीज आपली वाट सोडून चाललेली असते. तार आधी मरते म्हणून बाकीचं वाचतं. मरायचीच नोकरी आहे तिची. तुम्ही पैलवान आणून उभा केला. तो काही मरत नाही. मग वीज दुसरं काहीतरी जाळते."

"काय जाळते?"

"जे जवळ असेल ते. लाकूड, कापड, बायको." निजाम आपल्याच विनोदावर हसला आणि एक भजं उचललं.

चिमाजी हसला नाही. "आणि समजा," तो म्हणाला, "तो फ्यूज आणि तो खटका स्पिरिटच्या कोठीत असेल, तर?"

"स्पिरिटच्या कोठीत खटका? असा गाढव नाशकात नाही. मालेगावकडे असेल तर सांगता येत नाही." मग निजामच्या काहीतरी मनात आलं. तो उठला, चिमाजीला थिएटराच्या मागच्या खोलीत घेऊन गेला. आत भरदुपारीही डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. "इकडे बघा. भिंतीकडे."

खट्. अंधारात एक निळी जीभ बाहेर आली आणि आत गेली. मुंगीच्या पंखाएवढी.

"प्रत्येक खटक्याच्या तोंडात ही असते," निजामचा आवाज आला. "चालू करताना थोडी, बंद करताना जास्त. उजेडात दिसत नाही इतकंच. मोकळ्या हवेत तिने काही बिघडत नाही. पण हवेत स्पिरिटची वाफ असली, तर..." त्याने दार किलकिलं केलं, उजेडात मूठ धरली आणि एकदम उघडली.

"मग करायचं काय?"

"खटका बाहेर, फ्यूज बाहेर. आत जाईल ती नुसती तार, तीही अखंड. आणि वीज तोडायची तर जिथे वाफ नाही तिथेच तोडायची. कोण आहे हो हा ओळखीचा?"

पण तोवर चिमाजी रस्त्यावर पोचला होता.

ओळखीचा म्हणजे अर्थात तो स्वतः. गंगापूर रोडला, गुलाबांच्या मळ्यांच्या मधोमध, बद्रुद्दीन शेठचा अत्तर आणि सेंटचा कारखाना होता. सेंट बनवायला स्पिरिट लागे, आणि ते ठेवायला मागे एक दगडी कोठी होती. त्या कोठीतली तांब्याची मोठी टाकी चिमाजीनेच ठोकली होती. कोठीच्या वासाची ख्याती अशी, की कौलांवर बसलेले कावळे उडताना एकमेकांवर आदळत, आणि मोरीचं पाणी चाटलेली एक बकरी पुढे सातपूरला एका बैलाशी भांडताना सापडली होती. उन्हाळ्यात टाकी तापली की शेठचा जीव वर-खाली होई. म्हणून त्याने मुंबईहून विजेचं एक यंत्र मागवलं. टाकीत एक कांडी, कांडीला तार, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला कचेरीत घड्याळासारखी तबकडी. कचेरीत बसून टाकीचा ताप कळायचा. सगळे त्याला ताप-घड्याळ म्हणत.

मुंबईचा जो साहेब ते बसवून गेला, त्याने खटका आणि फ्यूज एका डब्यात घालून कोठीबाहेर ओसरीच्या भिंतीवर लावले होते. तिथेच घोळ झाला. शेठची आई माजिदाबी पडद्यामागून सगळा कारभार बघे, आणि तिचा एक कायदा होता: किमती चीज कुलपात. केशर कुलपात, चांदीची अत्तरदाणी कुलपात, साखरसुद्धा कुलपात. विलायती पितळेचा चकचकीत खटका ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताशी? शेठ मुंबईला गेल्याबरोबर तिने निरोप धाडला, की तो डबा कोठीत घ्या; कोठीला कुलूप आहे.

काम चिमाजीने अंगावर घेतलं. वीज काय आणि पाणी काय, नळीतून न्यायची ती न्यायची, असं तो मुकादमाला म्हणाला. भिंतीला भोक पाडून त्याने तांब्याची नळी बसवली, तिच्यातून तार आत ओढली, डबा आतल्या भिंतीवर ठोकला. तेव्हापासून फ्यूज वितळायला लागला. एकदा वितळला, पुन्हा वितळला. मुकादम हसला. चिमाजी तांबटाचं काम आणि टिकत नाही, हे चिमाजीला सहन होईना. त्याने स्वतःच्या हाताने जाड तार ओढली आणि बसवली. ती टिकली.

आणि आज पिंपं यायची होती. पिंपं आली की स्पिरिट टाकीत ओतत, आणि ते हवेत उडून वाया जाऊ नये म्हणून कोठीच्या खिडक्या बंद ठेवत. बायका आत बसून बाटल्या स्पिरिटने विसळत. त्या बायकांत चिमाजीची बायको होती, साळूबाई.

चिमाजीने जो टांगा धरला त्याच्या घोड्याने बहुधा पेशवाई पाहिली असावी. तो प्रत्येक झाडाखाली थांबून काहीतरी आठवत असे. "हाण की," चिमाजी म्हणाला. "हाणतोय," टांगेवाला म्हणाला, "पण त्याला पटलं पाहिजे."

टांग्यात बसल्या-बसल्या चिमाजीला कुत्र्याचं आठवलं. भुंकत होतं ते कशावर?

तांबटाच्या हाताला एक सवय असते. कापलेल्या तांब्याची कड सुरीसारखी असते, म्हणून भांड्याचा काठ कधी कोरा सोडायचा नाही. कानशीने घासायचा, बाहेर वळवायचा, मग त्यावरून अंगठा फिरवायचा. अंगठा हसला तर भांडं पुरं झालं. चिमाजीच्या बापाने त्याला हे भाकरी मोडायला शिकवायच्या आधी शिकवलं होतं. आणि त्या नळीचं तोंड चिमाजीने तसंच सोडलं होतं. भिंतीत गडप होणारं तोंड. तिथे कोण अंगठा फिरवायला जातंय? त्या कोऱ्या कडेवरून त्याने तार ओढून घेतली होती, चांगली जोर लावून. तारेच्या अंगावर रबर आणि सूत, दोन्ही मऊ.

त्याला ती जागा आता डोळ्यांपुढे दिसायला लागली. भिंतीच्या पोटात, काळोखात, उघडी पडलेली तार तांब्याला टेकलेली. आणि मग साळूबाईचं बोलणं आठवलं. काल जेवायला वाढताना ती म्हणाली होती, "अहो, तुमची ती नळी चावते. हात लागला की मुंग्या येतात." तो म्हणाला होता, "माझी आठवण येत असेल तुला." आणि स्वतःच हसला होता.

"उतरतो मी," चिमाजी म्हणाला आणि चालत्या टांग्यातून उडी टाकून पळत सुटला. तो घोड्याच्या पुढे गेला हे खरं. पण त्यात पळण्याचं कौतुक किती आणि घोड्याचं वय किती, हे सांगता येत नाही.

कारखान्याच्या फाटकातच वास आला. गोड, गार, नाकात शिरून डोळ्यांतून बाहेर येणारा. पिंपं आली होती. अंगणात रिकामी पिंपं लोळत पडली होती, आणि मळ्यातल्या मधमाश्या चालत जात होत्या. कोठीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बाटल्यांचा किणकिणाट आणि बायकांचं हसणं ऐकू येत होतं. त्यात साळूबाईचं हसणं त्याने ओळखलं. एरवी त्या हसण्यावर तो चिडे. आज ते थांबू नये असं म्हणत तो कचेरीकडे धावला.

कचेरीच्या दारात मोतीराम मुकादम उभा होता, खुशीत. "ये चिमाजी. तुझं काम आज बघ. इतके दिवस काटा नुसता मेल्यासारखा पडला होता. आज सकाळपासून चढतोय. बघ, बघ ना."

चिमाजीने बघितलं. तबकडीवरचा काटा थरथरत होता आणि थरथरता थरथरता वर सरकत होता. त्याला टाकीचा ताप नव्हे, वाट सोडलेली वीज ढकलत होती.

"खटका चालू आहे?"

"चालू तर हवाच. बंद असल्यावर काटा कसा चढेल?" मुकादम म्हणाला. "मी शेठना सांगणार आहे, मुंबईच्या साहेबाला जमलं नाही ते आमच्या तांबटाने केलं."

आता सांगायचं. सांगायला काय, तीन शब्द. माझं काम चुकलं. चिमाजीने तोंड उघडलं, आणि तोंडातून जे बाहेर आलं ते ऐकून त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

"साप," तो म्हणाला. "कोठीत साप शिरलाय. मी शिरताना बघितला. नाग. हा एवढा."

'एवढा' म्हणताना त्याचे हात जितके लांब होते तितके त्याने पसरले. लबाडीतही हात आखडता घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

काम झालं म्हणायचं. मुकादमाने हाळी दिली, कोठीचं दार धाडकन उघडलं, आणि बायका पदर सावरत, बाटल्या टाकून बाहेर पळाल्या. नवसाबाई माळीण एका पायात चप्पल घालून थेट गुलाबांत घुसली आणि काट्यांनी ओरबाडली तरी थांबली नाही. साळूबाई सगळ्यांच्या मागून आली, हातातली बाटली नीट बूच लावून.

"कुठे दिसला साप?" तिने विचारलं.

"आत."

"बाहेरून कसा दिसला तुम्हाला?"

ती बाहेर आली होती. चिमाजीला वाटलं, आता बसावं. तेवढ्यात काळू रखवालदार काठी आणि पेटलेला कंदील घेऊन आला.

"कंदील?" मुकादम खेकसला. "अरे निफाडच्या, आत स्पिरिट हाय, रॉकेल न्हवं. बाप जळेल तुझा. ठेव तो लांब."

काळूने कंदील पार विहिरीपाशी नेऊन ठेवला. चिमाजीचा श्वास परत आला.

"आणि हे बघ," मुकादम शहाणपणाने म्हणाला, "आत विजेची तार हाय. साप तिला गुंडाळला आणि तू काठी घातलीस तर शॉक बसेल. पहिलं जाऊन खटका बंद कर. मग काठी चालव."

"बरं," काळू म्हणाला आणि निघाला.

चिमाजीला ती निळी जीभ दिसली. बंद करताना जास्त, असं निजाम म्हणाला होता. काळूची पावलं आरामात पडत होती. तो माणूस आयुष्यात कधी घाईत चालला नव्हता. उंबऱ्यावर त्याने चप्पल काढली, कारण आत चप्पल घालायची नाही असा नियम होता. आत गेला. हात डब्याकडे गेला.

चिमाजी कसा पोचला ते पाहणाऱ्यांनी वेगवेगळं सांगितलं. नवसाबाई पुढे सांगे की तो जमिनीला पाय न लावता गेला. त्याने मागून काळूच्या कमरेला मिठी मारली आणि दोघेही ओल्या फरशीवरून घसरत उंबऱ्याबाहेर येऊन पडले.

"सोड की," काळू खालून म्हणाला. "साप हाय का येड लागलंय?"

"साप नाही," चिमाजी म्हणाला.

"मग काय हाय?" मुकादमाने विचारलं.

"मी आहे. जे काय आहे ते मी आहे." आणि मग निजाम वायरमनकडून कळलेलं सगळं त्याने सांगितलं. उलटसुलट सांगितलं, नळीचं आधी आणि तारेचं मागून, पण सांगितलं. खटका चालू ठेवला तर नळी तापत जाणार. बंद करायला गेलं तर ठिणगी पडणार. आणि फ्यूज, जो कधीचा मरून सगळ्यांना वाचवणार होता, त्याला त्याने मरू दिलं नव्हतं.

सगळ्यांच्या नजरा कचेरीकडे गेल्या. कचेरीच्या उघड्या दारातून तबकडी दिसत होती. काटा अजून चढत होता.

"चावते म्हटलं होतं मी," साळूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर चिमाजीला बरं वाटलं असतं.

"मग आता?" मुकादमाचा आवाज बसला होता. मघाशी ज्या काट्याचं कौतुक करत होता त्याच्याकडे तो आता पाठ फिरवून उभा होता. "ठेवायचं चालू, नाही तर करायचं बंद. तिसरं काय असतं?"

"जिथे वाफ नाही तिथे तोडायची," चिमाजी म्हणाला. "खांबावरून वीज पहिल्यांदा कुठे येते?"

"बंगल्यात. मागच्या बाजूला. मोठा खटका तिथेच हाय." मुकादम थांबला. "माजिदाबींच्या खोलीत."

शेठ मुंबईला. त्या खोलीत घरच्या पुरुषांशिवाय परका पुरुष कधी गेला नव्हता; पडद्याच्या अलीकडे उभं राहून बोलायचं आणि पलीकडून उत्तर यायचं, एवढाच रिवाज. साळूबाईने हातातली बाटली मुकादमाच्या हातात दिली आणि चालायला लागली. चिमाजी तिच्या मागे.

बंगल्याच्या मागच्या ओसरीवर हिरवा पडदा होता. साळूबाई पडदा सारून आत गेली. चिमाजी अलीकडे उभा राहिला. आत विजेचा पंखा फिरत होता. प्रत्येक फेऱ्याला त्याचं एक पातं कुठेतरी घासे आणि टिक् असा आवाज होई. ती टिकटिक ऐकत चिमाजी उभा राहिला आणि त्याला वाटलं, त्या प्रत्येक टिक्-सरशी भिंतीतली नळी आणखी थोडी तापते आहे.

"बीबी, मोठा खटका पाडायचाय," साळूबाईचा आवाज.

"क्यों? बद्रू आल्याशिवाय त्या डब्याला कुणी हात नाही लावायचा. कुलूप आहे त्याला."

चिमाजीने डोळे मिटले. कुलूप. अर्थात कुलूप.

"बीबी, कोठीला आग लागेल."

"लागली की लागेल?"

"लागेल."

"मग लागलेली नाही. पंखा बंद केला तर मी इथे उकडून मरेन. कुणाला पाठव, बद्रूला तार करा."

टिक्. टिक्. चिमाजीने वळून कोठीकडे बघितलं. बायका पळायचं सोडून मळ्याच्या कडेलाच थांबल्या होत्या, तमाशा बघायला. कोठी आणि त्यांच्यात दहा-बारा गुलाबांच्या ओळी. त्या ओळींनी काय अडणार होतं? चिमाजीच्या मनात आलं, की साळूला इथेच ठेवावं, बंगल्याची भिंत जाड आहे. मग मनात आलं, की टाकी आपण किती मोठी ठोकली आहे. तिच्या मोठेपणाच्या बढाया त्याने गावभर मारल्या होत्या, आणि आता पहिल्यांदाच त्याला वाटलं की ती लहान असती तर.

"बीबी," तो पडद्याच्या अलीकडून म्हणाला. त्या पडद्याशी इतक्या मोठ्याने कुणी बोललं नव्हतं. "मी चिमाजी तांबट. डबा आत घ्या म्हणून तुम्ही सांगितलंत, घेतला मी. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी कळल्यासारखं केलं. नळी खराब बसवली, तार खराब बसवली. तुमच्या कोठीत बसून बाटल्या धुणाऱ्या बायका आज मेल्या असत्या, त्यात तुमच्यासमोर उभी आहे ती माझी. अजूनही मरतील. किल्ली द्या."

मग माजिदाबीचा आवाज आला, हळू. "मी कुलूप सांगितलं होतं, चिमाजी. आग नव्हती सांगितली."

"खरंय, बीबी."

किल्ल्यांचा जुडगा खळखळला. केवढा जुडगा तो. केशराची किल्ली, साखरेची किल्ली, कधीच्या मोडलेल्या पेट्यांच्या किल्ल्या. एक लागली नाही. दुसरी लागली नाही. "ही नाही, ती लांब दांड्याची," म्हातारी म्हणत होती. "ती नव्हे, बाई, तिच्या पलीकडची." चिमाजीचे ओठ हलत होते. तो देवाचं नाव घेत होता की किल्लीचं, त्यालाही सांगता आलं नसतं.

खटक्याचा दणका ऐकू आला. त्याचं सगळं अंग आक्रसलं. कुठेच काही झालं नाही. पंख्याची टिकटिक लांबली, आणखी लांबली, आणि थांबली.

"पडला," कचेरीकडून मुकादमाची हाक आली. "काटा पडला."

बायकांत कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं. काळूने बिडी काढली आणि मुकादमाने ती त्याच्या ओठांतून उपटून विहिरीत फेकली. चिमाजी मात्र कोठीकडे चालत निघाला होता. वीज गेली, पण नळी? तापलेलं तांबं किती वेळ तापलेलं राहतं, हे त्याच्याइतकं त्या अंगणात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि हीच एक गोष्ट त्याला खरोखर ठाऊक होती.

त्याने बाहेरूनच खिडक्या उघडल्या. वारा आत शिरेपर्यंत थांबला. मग दारात अनवाणी उभा राहून त्याने आत बघितलं. फरशी ओली, बाटल्या आडव्या, टाकी शांत. भिंतीजवळ गेला तेव्हा जळक्या रबराचा वास त्याला स्पिरिटच्या वासातून वेगळा कळला. त्याने नळीला हाताची मागची बाजू लावली आणि झटकन मागे घेतली. चुलीवरून उतरवलेलं भांडं असतं तशी.

"पाणी," तो कुजबुजला, जणू मोठ्याने बोललं तरी पेटेल.

जवळात जवळ पाणी होतं ते सकाळी उतरवलेलं गुलाबपाणी. साळूबाईने त्यात गोणपाट बुडवला आणि दारातून दिला. चिमाजीने तो नळीवर हळूच गुंडाळला. चर्र झालं आणि गुलाबाची वाफ उठली. त्या दिवशी आनंदवल्लीपर्यंतच्या लोकांना वाटलं की शेठच्या घरी लग्न निघालं. गोणपाट गरम झाला. दुसरा आला. तो कमी गरम झाला. घाईत पाणी नळीपेक्षा चिमाजीच्या धोतरावर जास्त पडत होतं.

"तुम्ही बाहेर या आता," साळूबाई उंबऱ्यावरून म्हणाली.

"गार होऊ दे. तू लांब जा."

ती लांब गेली नाही. बाहेर मुकादम बायकांना घरी पाठवत होता, माजिदाबीने बंगल्यातून निरोप धाडला होता की खटका आजच्या आज ओसरीवर परत लावा आणि तो निजाम नावाचा कोण आहे त्याला बोलवा, या तांबटाला नाही. चिमाजीने सगळं ऐकलं आणि मान हलवली. त्याने नळीवरचा गोणपाट काढला आणि तळहात टेकवला. पूर्ण तळहात.

"निवली का?" तिने विचारलं.

"निवतेय."

"खरं सांगताय?"

तो काय सांगणार? सकाळपासून त्याने सांगितलेलं काय काय खरं होतं, याचा हिशेब दोघांनाही नको होता. साळूबाईने चप्पल उंबऱ्यावर काढली, ओल्या फरशीवरून सांभाळून आत आली, आणि त्याच्या हाताशेजारी नळीवर आपला हात ठेवला.

"अजून कोमट आहे," ती म्हणाली, आणि हात काढला नाही.